पेन्सिलीच्या खुणा

कैरो,
रविवार, ६ जानेवारी १९८५

अम्म सिदकी,

काका, तुमच्या हातांना ओठ लावून बहगतचा सलाम. गुडघे हल्ली कमी कुरकुरत असतील, दमिएत्ताची समुद्राची हवा छातीला मानवली असेल आणि इनास अजून त्याच शाळेत शिकवत असेल, असं धरून चालतो. इकडे सगळं ठीक आहे, अल्लाहची कृपा.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही ते आधी उजेडात धरून पाहिलं असेल. "आठ वर्षांत एक ओळ नाही आणि आज पत्र, म्हणजे स्वारीचं काहीतरी अडलंय," असं लेकीला म्हणालाही असाल. तसं काही नाही. करीमाकडे तुमचा पत्ता निघाला, म्हटलं लिहावं. ती तुमच्याकडे येऊन गेली म्हणे. "काकांनी मला पोटभर जेवू घातलं," असं सांगत होती. मी म्हटलं, "दमिएत्ताचा माणूस आणि जेवू घालतो? आधी विचारलं असेल, जेवून झोपतेस की हलक्या पोटी बरी झोप लागते?" तुमच्या गावाच्या चिक्कूपणावरचा हा विनोद मी हजार वेळा केला असेल, पण ती हसली नाही. माझ्या विनोदाला न हसणारी कैरोत एवढी एकच बाई उरली आहे.

आता बातम्या. आपलं नाटक 'चुकीचा पत्ता' अजून चालू आहे. अकरावं वर्ष. मी अजून तोच पोस्टमन अब्दुल-बासित, खांद्याला तीच पिशवी, फक्त विजार दोनदा सैल करून घेतली. करीमा अजून दार उघडते. गुरुवार-शुक्रवार हाउसफुल. शेवटच्या रांगांतले लोक अजून कलिंगडाच्या बिया सोलतात आणि झाडणारा अजून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. लेखकाचं मूळ वाक्य शोधायचं तर आता पोलीस लावावे लागतील, इतकं मी पदरचं घातलंय. उचलली जीभ लावली टाळ्याला, हाच माझा धंदा, तुम्हाला काय सांगायचं. पेपरवाले लिहितात, बहगतचं एकच नाटक दोनदा पाहिलं की दोन नाटकं पाहिल्यासारखं होतं.

३१ तारखेला, गुरुवारी, टेलिव्हिजनवाले रेकॉर्डिंग करणार आहेत. तीन कॅमेरे येणार. मग दर ईदला दाखवत बसतील, आपण दोघं मातीखाली गेल्यावरसुद्धा. आपला निर्माता हग्गाग आत्तापासूनच नवा सूट शिवून बसलाय, जसा काही कॅमेरा त्याच्याकडेच वळणार आहे. तुम्ही त्या दिवशी यावं अशी माझी इच्छा आहे. बसची दोन तिकिटं पाकिटात घातली आहेत, इनासलाही घेऊन या.

येताना नाटकाची ती शिक्क्याची प्रत आणा. सेन्सॉरने पानोपानी शिक्का मारलेली, तुम्ही जाताना घेऊन गेलात ती. त्यात तुमच्या खुणा आहेत ना: मी मुद्दाम पदरचं बोललो की लाल शाई, चुकलो की पेन्सिल. सहज बघायची आहे.

आणि आणखी एक. रंगमंचाच्या पुढच्या कडेला मधोमध तुमचं जे खोकं होतं, एकोणीस वर्षं ज्यात बसून तुम्ही आम्हाला हळू आवाजात वाक्यं पुरवलीत, त्याच्यावर ठोकलेल्या फळ्या मी परवा काढून घेतल्या. सुतार म्हणाला, आत उंदरांची पाच पिढ्यांची वसाहत होती. आता साफ केलंय, नवी गादी घातली आहे, छोटा दिवा बसवला आहे. वाटलं तर त्या रात्री जुन्या आठवणीखातर तासभर बसा. नाही वाटलं तर पहिल्या रांगेत खुर्ची आहेच. माझं काही म्हणणं नाही.

त्या हिवाळ्यातली थट्टा तुम्ही केव्हाच विसरला असाल. मी तर विसरलोच.

इनास कशी आहे? शाळेत शिकवते ना अजून?

तुमचा,
बहगत

घाई नाही, पण उत्तर लवकर पाठवा.


कैरो,
मंगळवार, १५ जानेवारी १९८५

अम्म सिदकी,

सलाम. नऊ दिवस झाले, उत्तर नाही. अकरा वर्षं पोस्टमन झालेल्या माणसालाच पत्र येऊ नये, हे वाक्य तुम्हाला हसवायला मी सकाळपासून घोळवत होतो. आता कागदावर उतरल्यावर मलाच ते नकोसं वाटतंय.

तेव्हा खरं लिहितो. माझं अडलंय.

नोव्हेंबरातल्या एका प्रयोगात, दुसऱ्या अंकात, करीमाने नेहमीसारखं दार उघडलं. मी विचारायचं असतं, "बाई, हे पत्र तुमच्याच नावाचं आहे का?" मी हातातल्या पाकिटाकडे पाहिलं. करीमाकडे पाहिलं. आणि ही बाई कोण, मी तिच्या दारात कशाला आलोय, ही पिशवी माझ्या खांद्यावर कोणी अडकवली, मला काही म्हणजे काही कळेना. वाक्य विसरणं वेगळं असतं, ब्लँक काय आपण सगळेच होतो. इथे वाक्य नव्हे, घरच सापडत नव्हतं. मी खाली तुमच्या खोक्याकडे पाहिलं. तिथे फळ्या.

लोक हसायला लागले, अम्म सिदकी. मी घाबरून प्रेक्षकांकडे पाहिलं, ते आणखी हसले. पाकीट उलटं धरलं, पुन्हा हशा. मला घाम फुटला होता आणि पहिल्या रांगेतली एक बाई डोळे पुसत होती, हसून हसून. शेवटी करीमाने माझ्या हातातून पत्र ओढून घेतलं आणि म्हणाली, "दे बाबा, माझंच आहे." मग गाडी रुळावर आली.

पडदा पडल्यावर हग्गाग धावत आला आणि त्याने माझे दोन्ही गाल चुंबले. "बहगत, ती शांतता, ती शांतता! अख्ख्या अरब मुलखात असा नट नाही. रोज करायची हं."

मी म्हटलं, "हग्गाग, मी विसरलो होतो."

तो इतका हसला की त्याला खुर्ची आणून द्यावी लागली. "आणि वर तोंड कसं केलंय बघा," म्हणाला.

तेव्हापासून ती शांतता मी रोज करतो. रोज दुसऱ्या अंकात न आठवल्याचं सोंग करतो आणि सोंग करता करता मधेच खरंच आठवत नाही. कुठपर्यंत सोंग होतं आणि कुठून खरं सुरू झालं, हे माझं मलाही सांगता येत नाही. एका मासिकाने त्या शांततेवर दोन पानं लिहिली. करीमा मात्र एकदा विंगेत माझी बाही धरून म्हणाली, "कुठे जाणार आहेस ते आधी सांगत जा ना, म्हणजे मला तुझ्याबरोबर येता येईल." तिला खरं सांगायला गेलो, आणि तोंडातून विनोद बाहेर पडला. इतक्या वर्षांची सवय, जीभ ऐकत नाही.

डॉक्टरकडेही गेलो. मोठा माणूस आहे, भिंतीवर चार पदव्या. त्याने विचारलं, "उस्ताज बहगत, आज वार कोणता?" मी बराच विचार केला. मग म्हटलं, "गुरुवारच्या आधी कुठेतरी असेल." मला खरंच तेवढंच ठाऊक होतं. तो टेबलावर हात आपटून हसला, दार उघडून नर्सला म्हणाला, "ये, ये, ऐक जरा," आणि मला पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हटलं. काय करणार? समोर दोन माणसं हसायला तयार होऊन उभी असली की माझ्याच्याने नाही म्हणवत नाही. त्याने जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, विश्रांती घ्या म्हणाला, आणि बायकोसाठी माझ्या फोटोवर सही घेतली.

मागच्या महिन्यात न्हाणीघरातला नळ फुटला. प्लंबरला फोन केला, "मी बहगत बोलतोय, घरात घोट्याएवढं पाणी झालंय." तो म्हणाला, "आणि मी इजिप्तचा राजा बोलतोय," आणि हसत फोन ठेवला. खालच्या मजल्यावरच्या पापभीरू म्हातारीचं छत गळायला लागलं तेव्हा ती वर आली. दारात मला पाहिलं आणि तीही हसली. विजार गुडघ्यापर्यंत वर, हातात बादली. नाटकातल्यासारखा दिसत असणार मी.

साफिनाझ संसार मोडून जाताना म्हणाली होती, "तुझ्याशी बोलताना मला कायम वाटतं की माझ्या पाठीमागे पाचशे माणसं बसली आहेत आणि तू त्यांच्याशी बोलतोयस." तेव्हा मी हे वाक्य उचलून नाटकात घातलं. चांगला हशा मिळाला.

तुम्हाला का लिहितोय, ते आता कळलं असेल. माझं सगळं नाव पदरच्या वाक्यांवर उभं आहे. मी काहीही चुकलो तरी लोकांना ती करामत वाटते. या शहरात एकच माणूस असा होता, ज्याच्या मांडीवर संहिता उघडी असायची आणि ज्याला नेमकं ठाऊक असायचं, की हे बहगत खेळतोय आणि हे बहगत चुकतोय. त्या माणसाला मी घालवलं.

थट्टा विसरलो असं मागे लिहिलं, ते खोटं होतं. मी वार विसरतो, ते विसरलेलो नाही.

तुम्ही खोक्यात कायम जुनी विजार आणि सपाता घालून बसायचात. खाली कोण बघतंय? त्या रात्री मला हशा कमी पडत होता, म्हणून मी वाकून तुमचा हात धरला आणि तुम्हाला ओढून वर घेतलं. "या अम्म सिदकी, बाहेर या, माणसांची तोंडं बघा, एकोणीस वर्षं नुसते आमचे बूट बघताय." लोकांनी नाट्यगृह डोक्यावर घेतलं. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग एके दिवशी तुम्ही सूट घालून आलात, बुटांना पॉलिश करून. मी तुम्हाला वर ओढलं आणि कोणी हसलं नाही. पडदा पडल्यावर मी तुम्हाला सगळ्यांसमोर म्हणालो, "काका, उद्या सपाता घालूनच या. बुटांना हशा येत नाही."

तुम्ही "बरं" म्हणालात. नंतरही काही रात्री सपाता घालून आलात. मग एके दिवशी आला नाहीत, आणि मी खोक्यावर फळ्या ठोकून घेतल्या आणि पेपरवाल्यांना सांगितलं की बहगतला प्रॉम्प्टर लागत नाही.

मला माफ करा. हे आठ वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं, आता लिहितोय ते गरज पडली म्हणून, हेही मला कळतं. गरजेपोटी आलेली माफी तुम्ही परत पाठवलीत तरी मी काही बोलणार नाही.

पण परत येऊन बसा. रेकॉर्डिंगच्या रात्री आणि त्यानंतरही. हग्गागला माझ्याशी आणखी चार वर्षांचा करार करायचा आहे. तुम्ही खाली असलात तर मी निभावून नेईन. कोणाला काही कळणार नाही.

तुमचा अपराधी,
बहगत


दमिएत्ता,
शुक्रवार, २५ जानेवारी १९८५

बहगत, पोरा,

तुलाही सलाम, आणि अल्लाह तुला उदंड आयुष्य देवो. दोन्ही पत्रं मिळाली. इनास तुला सलाम सांगते. ती त्याच शाळेत आहे. पहिल्या पत्रात तू हे दोनदा विचारलंस, पहिल्या परिच्छेदात आणि शेवटी. तिथे मी पेन्सिलीने खूण केली. पण प्रॉम्प्टरने कानावर विसंबायचं नसतं, मजकूर बघायचा असतो. म्हणून उत्तर लिहिलं नाही. रविवारी, वीस तारखेला, बसने कैरोला आलो, तिकीट काढलं आणि बाराव्या रांगेत बसून नाटक पाहिलं. तुझी पाठवलेली तिकिटं वापरली नाहीत, दोन्ही परत पाठवतोय. दमिएत्ताचा माणूस असूनही.

मांडीवर शिक्क्याची प्रत होती आणि दोन्ही खिशांत दोन लेखण्या. लाल शाई तीन ठिकाणी लागली. पूर्वी एका अंकात मला दोन दौती पुरत नसत. पेन्सिल चौदा ठिकाणी लागली. चौदाही वेळा लोक हसले. तुझा तोल गेला, तू कोणाचं तरी नाव शोधायला लागलास, एकदा तर करीमाला साफिनाझ म्हणालास, आणि माझ्या आजूबाजूची माणसं पोट धरून हसत होती. दुसऱ्या अंकात ती शांतता आली. पहिला थोडा भाग सोंग होतं, ते मला दिसलं. मग तुझे खांदे खाली आले आणि सोंग संपलं. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "बाई, हे पत्र तुमच्याच नावाचं आहे का?" शेजारचा माणूस माझ्याकडे वळून म्हणाला, "गप बसा ना हो, हाजी. त्याचं त्याला करू द्या."

मी प्रत मिटली. तो अंक संपताच उठून निघून आलो. तुला भेटायची हिंमत झाली नाही, हे कबूल करतो.

आता सपातांचं. तू लिहिलंस त्यात एक चूक आहे, ती पेन्सिलीने दुरुस्त करतो. तुला वाटतं की तू मला वर ओढलंस म्हणून मी दुखावलो. नाही. पहिल्या रात्री मला आनंद झाला होता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा दिव्याचा उजेड माझ्या तोंडावर पडला आणि पाचशे माणसांनी माझ्याकडे पाहिलं. घरी जाऊन मी झोपलो नाही. इनासच्या आईला, अल्लाह तिच्यावर दया करो, सगळं दोनदा सांगितलं. मग मला वाटलं, रोज दिसायचंच आहे तर नीट दिसावं. म्हणून सूट. म्हणून बुटांना पॉलिश. तिने स्वतः केलं होतं ते, जुन्या मोज्याने घासून. आणि तू म्हणालास, बुटांना हशा येत नाही.

तेव्हा मला कळलं की लोकांना मी नको होतो, सपाता हव्या होत्या. मला हे कळायला एक महिना लागला. तुला अकरा वर्षं त्यातच उभं राहावं लागलं आहे. मी निदान घरी निघून आलो, तुला तेही जमलं नाही. राग होता माझा, खोटं कशाला बोलू. आठ वर्षं होता. पण दर ईदला आपली जुनी नाटकं टीव्हीवर लागतात तेव्हा मी इथे खुर्चीत बसून तुझ्या आधी तुझी वाक्यं म्हणतो. इनास ओरडते, "बाबा, त्याला येतात ती, तुम्ही चहा प्या." तेव्हा राग किती होता ते तूच ठरव. माफी ठेवून घेतली आहे.

पण खोक्यात मी बसणार नाही.

नीट ऐक. माझा सगळा जन्म एकाच कामात गेला: नट विसरला हे कोणाला कळू द्यायचं नाही. ते काम मला चांगलं येतं. मी खाली बसलो तर चार वर्षं काय, सहा वर्षं काढशील. डॉक्टर हसतील, हग्गाग करार करेल, मासिकं दोन-दोन पानं लिहितील, आणि आत तू एकेक खोली बंद होत जाताना एकटा फिरत राहशील. मग एके दिवशी मी मरेन. एकाहत्तर पूर्ण झालीत, काही फार लांब नाही. त्या रात्री दार उघडेल आणि तू पुन्हा तसाच उभा राहशील. माझ्या हाताने हे होणार नाही. तुझी चूक झाकायची विद्या मला येते, म्हणूनच ती तुझ्यावर वापरायची नाही असं मी ठरवलंय.

इनासच्या शाळेतल्या एका बाईंचा भाऊ अलेक्झांड्रियात मेंदूचा डॉक्टर आहे. बाईंनी त्याच्याशी बोलून ठेवलंय. तो आपल्या बंदराच्या धक्क्यासारखा कोरडा माणूस आहे म्हणे, नाटक बघत नाही, त्याला तुझं नावही ठाऊक नाही. तिथे मी तुझ्याबरोबर येईन, आणि वार विचारला तर तू नाही माहीत म्हणशील. बाकी काही म्हणायचं नाही.

पण त्याआधी हग्गागला सांगायला हवं, आणि ते तूच सांगायचं. मी मंगळवारी येतोय. बुधवारी सकाळी अकरा वाजता आपण दोघं त्याच्या कचेरीत जाऊ. वाक्य एवढंच आहे: "हग्गाग, मी आजारी आहे, मला आठवत नाही, मी थांबतोय." मी ते लिहून आणत नाही, कागद पाहिला की तो त्यालाही करामत समजेल. रेकॉर्डिंग करायचं की नाही, ते त्यानंतर तुम्ही ठरवा. करायचं ठरलं तर त्या एका रात्रीपुरता मी खोक्यात बसेन, बूट घालून.

घाबरू नकोस. हग्गागच्या खोलीत मी तुझ्या उजव्या हाताला, अर्ध्या पावलावर उभा असेन. शब्द अडला तर देईन. आवाज खाली ठेवणार नाही, त्यालाही ऐकू जाईल असा देईन. तो हसेल. तू त्याच्या हसण्याकडे लक्ष देऊ नकोस, माझ्या तोंडाकडे बघ, मी हसत नसेन, आणि वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हण. तो हसायचा थांबेपर्यंत आपण ते म्हणत राहू.

तुझा,
सिदकी